वंदनाला सगळं बरोबर आठवत होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. पलटणीत सतरा वर्षं ज्यांच्या शेजारी खाट टाकून झोपलो, त्यांना नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा महिनाभर तिच्या उशाशी बसून होतो — तिला सांगता आलं असतं, तिनं ते आपल्याबरोबर नेलंही असतं — पण तिलाही नाही. एकदोनदा तोंड उघडलं. आणि मग ऊस, पाऊस, पोरांची शिक्षणं, असलं काहीतरी बोलून गप्प बसलो.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

माझ्या बहिणीचं आहे. वंदना तिचं नाव. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही कडेगाव तालुक्यातले. आता आमच्या शिवारात ऊस उभा असतो, पण आम्ही लहान होतो तेव्हा पाणी आलेलं नव्हतं; ज्वारी, मटकी आणि बाकी कुसळं. घरातला एकजण फौजेत गेला की घर तगायचं. मी गेलो. वंदना शिकली. बीएस्सी झाली आणि एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. उसाचा रस तपासायचा, आकडे लिहायचे. सोळा वर्षं तिनं ते काम केलं, तिचा आकडा कधी चुकला नाही. लग्न झालं नाही. एक स्थळ आलं होतं, बघण्याच्या कार्यक्रमातच हिनं मुलाला विचारलं, "तुम्ही माहितीत उंची पाच फूट आठ इंच लिहिली आहे. तेवढी दिसत नाही." खरंच नव्हती.

गावात तिला येडी म्हणायचे. पाठीमागं — म्हणजे, लहान असताना तोंडावरच. तिचं बोलणंही वेगळं. आम्ही सगळे न्हाई, व्हय करणारे. ही दुसरीत असल्यापासून 'नाही', 'होय', पुस्तकातल्यासारखं. हलगी वाजली की कान दाबून घरात ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसायची. भाताला कालवण लागलं की ताट सोडायची. आणि तिला आठवायचं. सगळं. कुठल्या दिवशी आईनं कुठलं लुगडं नेसलं होतं, पाहुण्यांपैकी कोण काय म्हणालं होतं, मामाच्या गावच्या एसटीचा नंबर. आबा — आमचे वडील — एखादी तारीख विसरले की तिला हाक मारायचे. एरवी मारत नसत. तिच्याजवळ ती एकच गोष्ट होती, जिच्यात गावातलं कुणी तिला हरवू शकत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं प्रयोगशाळा हलवली. मिलच्या भिंतीला लागून नवी खोली बांधली. गळीत हंगाम सुरू झाला की तिथं दिवसरात्र घरघर. बाकीच्यांना आठ दिवसांत सवय झाली. वंदनाला झाली नाही. कानात कापूस घालून गेली, वरून रुमाल बांधून गेली. एका दुपारी ती टेबलाखाली बसून स्वतःच्या डोक्यात बुक्क्या मारून घेताना लोकांना दिसली. तिचा साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, डॉक्टरचं लेखी काहीतरी आणा, तुमची खोली बदलून देतो.

सांगलीच्या डॉक्टरांनी तिच्याशी तासभर बोलून सांगितलं की हा नुसता ताण दिसत नाही, ऑटिझमची तपासणी करून घ्या. एकेचाळिसाव्या वर्षी! तिनं मला फोन केला. मी साताऱ्यात असतो, एका शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक बघतो. ऑटिझम हा लहान पोरांचा आजार, एवढंच मला ऐकून ठाऊक होतं, आणि ती तर जन्मभर अशीच होती. तिला कसली तपासणी?

"मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात," वंदना फोनवर म्हणाली. "शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नाही. मला बाहेरचंच फार ऐकू येतं."

मला वाटलं होतं डोक्याला वायरी लावतील, रक्त काढतील. तसलं काही नव्हतं. सांगलीतच विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि पन्नाशीच्या एक मानसतज्ज्ञ मॅडम. तीन बैठका ठरल्या. पहिलीत नुसतं बोलणं — शाळा, नोकरी, झोप, खाणं, मैत्रिणी. दुसरीत लांबलचक प्रश्नावल्या, चित्रं बघून गोष्ट सांगायची, फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल ते ओळखायचं, काही कोडी. पास-नापास असं काही नसतं, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. या दोन्हींना वंदना एकटी गेली आणि मला फोनवर क्रमानं सगळं सांगितलं. एका चित्रातली सावली सूर्याच्याच बाजूला पडली होती, हे मॅडमच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं, याचा तिला फार आनंद झाला होता.

"दादा, त्या माझं बोलणं मध्येच तोडत नाहीत," ती म्हणाली.

तिचा असा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो.

तिसरी बैठक बालपणाची. ही गोष्ट मोठेपणी सुरू होत नाही. असली तर लहानपणापासून असते. म्हणून त्या वयात बघितलेलं कुणीतरी लागतं — आई, वडील, शाळेतले गुरुजी. आमचे आई-आबा राहिले नव्हते. शाळेच्या जुन्या कागदांना वाळवी लागली होती.

"तू आहेस," वंदना म्हणाली. "तुला सगळं माहीत आहे."

होतं ना. म्हणून तर — पण थांबा, आधी मागं जावं लागेल.

मी बारा वर्षांचा, वंदना आठ. चैत्रातली शेजारगावची जत्रा, दुपारपासून कुस्त्यांचा फड. आई-आबा रानात चालले होते. आई जाताना म्हणाली, "संज्या, वंदीला टाकून कुटं जाऊ नगंस." मग मी तिला बरोबर घेतलं. माझे दोन दोस्त होते, बापू आणि दिलीप. गावाबाहेर कच्चा रस्ता डांबरी सडकेला मिळतो, त्या फाट्यावर मैलाचा दगड आहे. तिथवर आलो, लांबून हलगी ऐकू आली, आणि वंदनानं कान दाबले.

बापू म्हणाला, "ही काय फडात येत न्हाई गड्या. दे लावून घरला."

घरी लावून देता आली असती. घर तिथून दिसत होतं. पण मला दोस्तांना काहीतरी दाखवायचं होतं. माझ्या बहिणीची एक गोष्ट मला माहीत होती, त्यांना नव्हती — तिला जे सांगाल ते ती तसंच्या तसं करते. आईनं एकदा तिला 'दाराकडं ध्यान ठेव' म्हणून सांगितलं. शेळी आत येऊन पसरलेली ज्वारी खाऊन गेली आणि ही दाराच्या फळ्यांकडं बघत बसली होती. आई हसून हसून दमली. मी ते मनात ठेवलं होतं.

"बघा आता," मी त्या दोघांना म्हणालो. आणि तिला दगडाला लावून उभं केलं. "वंदे, हितंच हुबी ऱ्हा. मी येईस्तवर हलायचं न्हाई. कुनासंगं बोलायचं न्हाई. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. अंगठा तुटला म्हणून वाटेतच टाकून दिली होती. मी बघितलं होतं ते. दहा पावलांवर लिंबाची सावली होती, तीही बघितली होती. 'सावलीत हुबी ऱ्हा' म्हणायला काय लागतं? पण मग त्यात दाखवण्यासारखं काय उरलं असतं?

आम्ही गेलो. दिवस मावळताना मी घरी आलो तर दारात माणसं जमलेली.

वंदना पाच तास उभी होती. वडूजकडचा एक धनगर मेंढरं घेऊन त्या सडकेनं चालला होता. त्यानं तिला पाणी देऊ केलं, सावलीत चल म्हणाला. ती हलेना, बोलेना. शेवटी त्यानं मेंढरं झाडाखाली बसवली आणि गावात येऊन विचारत विचारत आबांना गाठलं. आबांनी तिला ओढत आणली. डाव्या तळव्याला हे एवढाले फोड, परकर ओला. एकच वाक्य तिचं चाललं होतं — "दादानं सांगितलंय. दादा येऊ दे."

आबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मी तिला घरी सोडलं हुतं. ती आपली आपन गेली आसंल."

आबांनी तिला मारलं. दादावर खोटं ढकलते म्हणून. आई तिच्या पायाला तूप लावत रडत होती आणि मी चुलीपुढं बसून जेवलो. वंदना माझ्याकडं बघत होती. राग नव्हता त्यात. गणिताचं उत्तर जुळेना की ती वहीकडं बघायची, तशी बघत होती.

त्यानंतर घरात ठरूनच गेलं की पोरगी येडी आहे आणि वर खोटंही बोलते. शाळेच्या सहलीला पाठवायची नाही, मामाकडं एकटीला सोडायची नाही. तिनं काही सांगितलं की आबा आधी माझ्याकडं बघायचे — खरं आहे का रं? — आणि मी मान हलवली तरच ते खरं.

एवढंच असतं तर मी केव्हाच बायकोला सांगून मोकळा झालो असतो. बारा वर्षांचं पोर, चुकलं, असं ती म्हणाली असती. पण एवढंच नाही. त्याच दुपारचं आणखी एक आहे. ते अजून तोंडातून निघत नाहीये. क्रमानं जाऊ दे.

तर, तिसरी बैठक. मी सकाळच्या गाडीनं साताऱ्याहून निघालो, दुपारी सांगलीत उतरलो. मॅडमनी वंदनाला विचारलं की भावाशी बोलताना तुम्ही खोलीत असलात तर चालेल का. ती म्हणाली, मला ऐकायचंच आहे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, मांडीवर हात, अगदी ताठ.

मॅडम शांतपणे एकेक विचारत गेल्या. बोलायला कधी लागली? खेळायची कशी? बोट दाखवून वस्तू मागायची का? अंगाला हात लावलेला चालायचा का? मी भराभर सांगत होतो. चार वर्षांची होईपर्यंत बोलली नाही. चिंचोके आकाराप्रमाणं रांगेत मांडायची, एक हलला तरी उलटी होईपर्यंत रडायची. हलगीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. वंदना प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी मी तिच्या उपयोगी पडतोय, असं वाटत होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "सांगितलेलं शब्दशः घ्यायच्या का लहानपणी? वंदनाताईंनी मला एक प्रसंग सांगितलाय. जत्रेच्या दिवशीचा, फाट्यावरचा. तुम्हाला आठवतो?"

एवढंच विचारलं. आरोप नव्हता, काही नव्हतं. 'हो' म्हणायचं होतं. त्या खोलीत त्या दिवशी त्याहून चांगला पुरावा दुसरा नव्हता — तिच्या बाजूनं बोलणारा — आणि तो माझ्याजवळ होता.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे — हरवली होती ती एकदा. आपली आपण गेली होती कुठंतरी."

वंदना वळली. "दादा, तू उभं केलं होतंस. बापू आणि दिलीप होते. माझ्या डाव्या पायात चप्पल नव्हती. तू म्हणालास, 'वंदे, हितंच हुबी ऱ्हा. मी येईस्तवर हलायचं न्हाई.'"

ते वाक्य तिनं माझ्या बोलीत म्हटलं, माझ्या सुरात. जन्मात कधी 'न्हाई' न म्हणणारी ती. तेहतीस वर्षं तिनं ते जसंच्या तसं ठेवलं होतं.

"वंदू, तुला तसं वाटतंय गं," मी म्हणालो. "ऊन लागलं होतं तुला. चार दिवस तापात होतीस. तापात काहीबाही बसतं डोक्यात."

किती सहज निघालं! घडी घालून खिशात ठेवल्यासारखं.

मॅडम क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. पण आता मला प्रत्येक प्रश्नात तोच फाटा दिसायला लागला. मी मागं यायला लागलो. चिंचोके काय, सगळीच पोरं मांडतात. हलगीला तर आमची चुलत बहीणही भ्यायची. बोलायला उशीर — म्हणजे तीनेक वर्षांची असेल, नक्की नाही सांगता येणार. तशी नॉर्मलच होती, मॅडम. थोडी हट्टी. अर्ध्या तासात मी माझीच साक्ष पुसून टाकली.

उठताना वंदनानं मॅडमना विचारलं, "मग माझं आठवणं चुकीचं आहे का?"

"एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवू शकतो," मॅडम म्हणाल्या.

"नाही," वंदना म्हणाली. "एक तर तो मला उभं करून गेला, नाहीतर नाही गेला."

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. ती सुटलेली नव्हती.

का केलं? परतीच्या गाडीतच मी स्वतःला कारण पुरवलं होतं. तेव्हा माझ्या मुलीचं जमवायचं चाललं होतं. आत्याला डोक्याचं काहीतरी आहे, असं कुठं पसरलं तर? चांगलं कारण आहे, नाही का? माणसं समजून घेतात. दोन वर्षं मी ते जवळ बाळगलं. पण त्या खोलीत मला मुलगी आठवलीच नव्हती. एका अनोळखी बाईच्या पुढं मी कोण आहे ते दिसेल, एवढीच भीती होती.

अहवाल आला. बालपणाच्या माहितीत विसंगती आहे, सध्या निश्चित निदान करता येत नाही, चिंतेचा त्रास आहे, त्यावर उपचार घ्यावेत. मॅडमनी तिला समोर बसवून समजावलं की हा नकार नाही, लहानपणी बघितलेलं आणखी कुणी मिळालं तर पुन्हा बसू. पण कारखान्याला तेवढा कागद पुरेना. चिंता सगळ्यांनाच असते, म्हणाले. खोली बदलली नाही. पुढच्या हंगामात पंधरा दिवस काढून वंदनानं राजीनामा दिला.

नोकरीचं ती फारसं बोलली नाही. वेगळंच झालं. ती लिहायला लागली. गॅस बंद केला — वेळ. दाराला कुलूप लावलं — वेळ. कुणाशी काय बोलणं झालं, कोण आलं, कोण गेलं. जिला किराणा आणायलाही कधी यादी लागली नव्हती, ती वह्या भरायला लागली. आणि जुन्या गोष्टी तपासायला लागली. मला फोन यायचा, "दादा, आबा गेले तेव्हा बुधवार होता. बरोबर का?"

"बरोबर."

"आईनं मला दिलेली पहिली दप्तराची पिशवी खाकी होती. बरोबर का?"

"व्हय गं, खाकीच."

"बरं. तपासून घेते. माझ्या आठवणीचा भरवसा नाही."

कुणाकडून तपासून घेत होती बघा. दर आठवड्याला एखादा फोन. दोन वर्षं मी त्या सगळ्यांची खरी उत्तरं दिली — एकूण एक — आणि प्रत्येक वेळी ती मला धन्यवाद म्हणायची. सख्ख्या भावाला धन्यवाद. तेव्हा एकदा म्हणायला पाहिजे होतं की वंदू, वही फेकून दे, तुझं सगळं बरोबर आहे. काय अडलं होतं? मी गाडी चालवत नव्हतो, घरात कुणी नसायचं. नुसतं अडलं होतं.

यंदा दिवाळीनंतर ती स्वतःच निघाली. पहिली ते तिसरी तिला शिकवलेल्या बाई कऱ्हाडला मुलाकडं असतात. त्यांना शोधून काढलं. बाईंना तिचं खूप काही आठवत होतं. आणि मग त्या धनगराला शोधलं. फाट्यावर ती त्याच्याशी बोलली नव्हती, पण त्याचं बोलणं ऐकलं होतं. तुझ्याएवढी लेक हाय मला, म्हणाला होता, आणि स्वतःचं नाव, वस्तीचं नाव सांगितलं होतं. ती एसटीनं वडूजला गेली, तिथून तीन वस्त्या पायी हिंडली. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, नजर गेलेली, बाकी खणखणीत. सुनेनं चहा केला. वंदनानं त्याचं बोलणं मोबाइलवर भरून घेतलं आणि मॅडमकडं नेऊन दिलं. बैठका पुन्हा झाल्या.

परवा रविवारी सकाळी तिचा फोन आला. मी गच्चीवर टाकी धूत होतो.

"दादा, निदान झालं," ती म्हणाली. "वाचून दाखवते." आणि तिनं अहवालाची चारही पानं, तारखेपासून सहीपर्यंत, वाचून दाखवली. मी ओल्या हातानं फोन धरून उभा होतो. शेवटी म्हणाली, "म्हातारबाबांना सगळं आठवत होतं. चप्पलसुद्धा. म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"व्हय," मी म्हणालो. तेवढंच निघालं.

"तू विसरला होतास. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या माणसं विसरतात. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मी खोटं बोललो असेन, हे तिच्या मनातही आलेलं नाही. ती स्वतः बोलत नाही. मग दुसरा का बोलेल? छत्तीस वर्षांपूर्वी आबांनी जिला खोटारडी म्हणून मारलं, ती मला विसराळू म्हणून सोडून देत होती.

मग ती म्हणाली, "एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. म्हातारबाबा म्हणाले" — आणि तिनं त्याचा सूर उचलला — "'बांधाआड तीन पोरं बसून खिदळत हुती. म्या हाटकल्यावर पळाली.' दादा, ती कोण असतील?"

आता आलं. आता सांगतो.

चार वाजले असतील. मोठ्या कुस्त्यांना अवकाश होता. दिलीप म्हणाला, चला, हलली का बघून येऊ. आम्ही सडकेनं न जाता शेतातून आलो आणि फाट्यासमोरच्या बांधाआड पालथे पडलो. ती तिथंच होती, कान दाबून, खाली बघत. डावा पाय उचलून उजव्या पायावर टेकवायची, तोल गेला की पुन्हा डांबरावर, पुन्हा वर. ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती — भ्याली की मोजायची, आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. दिलीप हसायला लागला. मी त्याच्याहून जोरात हसलो. मग बापू, ज्यानं आधी तिला घरी लावून दे म्हटलं होतं तो, तोच म्हणाला, "संज्या, बास झालं. हाक मार तिला. पाय भाजत्यात तिचं."

आणि मी म्हणालो, "थांब की. बघू किती येळ ऱ्हाती."

हेच ते. एवढंच वाक्य. ती तिथं आहे, तिचा पाय भाजतोय, ती माझ्या एका शब्दावर उभी आहे आणि दुसऱ्या शब्दावर सुटेल, हे सगळं दिसत असताना मी ते म्हणालो. विसरलो नव्हतो तिला. फडात रमलो नव्हतो. बघायला आलो होतो. धनगरानं हटकलं तेव्हा आम्ही पळालो, आणि मी घराकडं पळालो नाही. फडाकडं पळालो. शेवटची कुस्ती बघितली.

"दादा?" वंदना फोनवर म्हणाली. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"कोण असतील ती पोरं?"

तीन नावं होती. त्यातलं एक तिनं तेवढ्यात दोनदा घेतलं होतं, दादा म्हणून.

"माहीत न्हाई," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "लिहून ठेवलं. 'दादाला माहीत नाही.'" आणि तिच्या नव्या नोकरीचं सांगायला लागली. माती तपासायची प्रयोगशाळा आहे, मागच्या बाजूला शांत खोली मिळाली आहे, पंख्याचा आवाज येतो तेवढाच. ती खूश होती. मी ऐकत होतो. टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं होतं.

ती आता पुन्हा विचारणार नाही. माझं उत्तर तिच्याकडं लिहिलेलं आहे आणि ती त्यावर विश्वास ठेवते.

मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं. बापू गेला, दिलीप पुण्याला असतो, भेट नाही. म्हणजे आता कुणाची अडचण नाही, कशाची भीती नाही. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बारा वर्षांचा होतो, हे फाट्यापुरतं खरं. सांगलीत मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. परवा फोनवर, अठ्ठेचाळीस.